उच्छ्वासाची बाजू

समोर बसलेल्या माणसाला "एक दीर्घ श्वास घ्या" असे सांगितले की तो खांदे उचलतो, छाती पुढे काढतो, मान ताणतो आणि तसाच थांबून माझ्याकडे पाहू लागतो. आता सोडा, हे मी सांगावे अशी त्याची अपेक्षा असते. श्वास घेणे हे खरे काम आणि सोडणे ही ते काम संपल्यावर आपोआप घडणारी गोष्ट, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत आहे. नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून छातीच्या रुग्णांबरोबर काम करता करता माझे मत हळूहळू याच्या उलट होत गेले. श्वसनसंस्था मला जेवढी समजली आहे, तेवढ्यावरून मी म्हणेन की बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे आपण फार कमी लक्ष दिले आहे. आणि नाकापासून फुप्फुसांच्या टोकापर्यंतची सगळी रचना एकदा उच्छ्वासाच्या बाजूने पाहिली, तर तिचे कित्येक भाग आहेत तसेच का आहेत, हे अधिक चांगले उमगते.

नाकापासूनच पाहू. डिसेंबर-जानेवारीत निफाड आणि नाशिकचा पहाटेचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. ती थंड, कोरडी हवा नाकपुडीतून आत शिरून श्वासनलिकेत खोलवर पोहोचेपर्यंत तिचे तापमान शरीराइतके, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअस झालेले असते आणि ती बाष्पाने पूर्ण भरलेली असते. प्रत्येक नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीवर वळणदार हाडांच्या तीन पट्ट्या असतात, त्यांच्यावर रक्ताने भरलेले ओलसर अस्तर असते, आणि हवेला त्या वळणांमधूनच वाट काढावी लागते. हे आपण शाळेत शिकलेलो असतो. शाळेत सहसा न सांगितलेला भाग असा, की आत येणाऱ्या हवेला ऊब देताना ते अस्तर स्वतः गार पडते, आणि फुप्फुसांतून परतणारी उबदार, दमट हवा त्यावरून बाहेर जाताना आपली काही ऊब आणि काही पाणी तेथे परत ठेवून जाते. गोदापार्कवर पहाटे चालणाऱ्यांचे नाक गळते, त्यात या जमलेल्या ओलाव्याचाही वाटा असतो. तोंडाने श्वास सोडणाऱ्याच्या बाबतीत ही वसुली होत नाही. रात्रभर तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्याचा घसा सकाळी कोरडा पडलेला असतो, तो यामुळेच.

घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदतात. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, एपिग्लॉटिस नावाची झाकणी त्यावर कलते, स्वरतंतू एकमेकांना भिडतात, आणि तेवढा वेळ श्वास थांबतो. निरोगी माणूस बहुतेक वेळा हा घास गिळल्यानंतर आधी श्वास सोडतो आणि मग घेतो, त्यामुळे झाकणीजवळ चुकून अडकलेला कण आत ओढला जाण्याऐवजी बाहेरच्या दिशेने ढकलला जातो. पक्षाघातानंतर गिळण्याचा त्रास होणाऱ्या रुग्णांना गिळणे पुन्हा शिकवताना हा क्रम फार काळजीपूर्वक बसवावा लागतो.

याच ठिकाणी आवाज जन्मतो, तोही बाहेर जाणाऱ्या हवेवर. मराठीतला एकेक स्वर आणि एकेक व्यंजन उच्छ्वासावर उभे आहे. तळहात ओठांसमोर धरून आधी क आणि मग ख म्हटले, तर हवेचा जास्तीचा झोत हाताला स्पष्ट लागतो. शांत बसलेला माणूस घेण्यापेक्षा सोडण्याला थोडाच जास्त वेळ देतो, पण बोलू लागताच हे प्रमाण पार बदलते: श्वास चटकन घेतला जातो आणि वाक्य संपेपर्यंत तो जपून, मोजून वापरला जातो. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी निघालेल्या दिंड्यांमध्ये माणसे मैलोन्‌मैल चालत असताना अभंग गातात. चालण्यासाठी वाढलेली हवेची गरज भागवायची आणि तरीही अभंगाचा चरण तुटू द्यायचा नाही, हे शरीराचे अत्यंत कठीण कौशल्य आहे, आणि ते सारे उच्छ्वास लांबवण्यात सामावलेले आहे. दम लागलेल्या माणसाची तीव्रता आम्ही तो एका दमात किती शब्द बोलतो यावरूनही जोखतो. पूर्ण वाक्य बोलणारा आणि दोन शब्दांनंतर थांबणारा यांच्यातला फरक यंत्राशिवाय कळतो.

स्वरयंत्राखाली दहा-बारा सेंटिमीटर लांबीची श्वासनलिका लागते. तिच्या भिंतीत कूर्चेची १६ ते २० अर्धवट कडी असतात. त्यांचा पाठीमागचा भाग उघडा असतो आणि तेथे मऊ पडदा असतो. लगेच मागे अन्ननलिका असल्याने मोठा घास जाताना तिला फुगायला जागा मिळते, हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण आहे. त्या पडद्याचा दुसरा उपयोग खोकताना दिसतो. खोकण्यासाठी आपण आधी श्वास भरून घेतो, स्वरतंतू घट्ट मिटतात, पोटाचे स्नायू आवळले जातात, छातीतला दाब वाढतो आणि मग दार एकदम उघडते. त्या क्षणी तो मऊ पडदा आत दबतो, नलिका अरुंद होते आणि त्याच हवेचा वेग कितीतरी वाढतो. लहान मुलाच्या छातीत शेंगदाणा किंवा हरभऱ्याचा दाणा गेला, तर तो बहुधा उजव्या बाजूला सापडतो, कारण उजवी शाखा डावीपेक्षा रुंद, आखूड आणि अधिक उभी असते. मूल जोरात खोकत असेल, तर त्याच्या घशात बोट घालू नये; त्याच्याजवळ असलेले सर्वांत प्रभावी साधन ते स्वतःच वापरत असते. खोकला क्षीण झाला, आवाज फुटेनासा झाला, की मात्र एक क्षणही न दवडता पाठीवर थापा देणे आणि मदत मिळवणे भाग असते.

खोकल्याइतके नाट्यमय नसलेले, पण दिवसरात्र चालणारे काम नलिकांच्या अस्तरावरील सूक्ष्म रोम करतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलणारे हे रोम चिकट द्रवाचा पातळ थर, त्यात अडकलेल्या धुळीसह आणि जंतूंसह, सतत वर घशाकडे सरकवत असतात. धूर, मग तो विडीचा असो वा चुलीचा, या रोमांना मंदावतो आणि पुढे नष्ट करतो. मग उरतो तो फक्त खोकला.

श्वासनलिका सुमारे २३ वेळा दुभंगत जाते आणि तिच्या शेवटी वायुकोश असतात. त्यांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात आणि सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा काही ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन वैद्याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या प्रथम पाहिल्या, तेव्हा धमन्यांतले रक्त शिरांमध्ये कसे पोहोचते, या विल्यम हार्वेच्या रक्ताभिसरणाच्या सिद्धान्तात राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आपण घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि सोडतो त्या हवेतही तो सुमारे १६ टक्के शिल्लक असतो. बेशुद्ध माणसाला तोंडाने दिलेला श्वास उपयोगी पडतो तो या शिलकीमुळे. कार्बन डायऑक्साइड मात्र आत येताना नगण्य असतो आणि बाहेर जाताना सुमारे ४ टक्के.

आता मूळ मुद्द्याकडे येते. फुप्फुसाला स्वतःला श्वास घेता येत नाही, कारण हवा ओढू शकेल असा स्नायू त्यात नाही. छाती आणि पोट यांच्यामधले घुमटाकार श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, आणि दुपदरी आवरणामुळे छातीच्या भिंतीला धरून राहिलेले फुप्फुस तिच्याबरोबर ताणले जाते. हे ताणणे म्हणजे श्वास घेणे. सोडण्यासाठी स्वस्थ अवस्थेत काहीच करावे लागत नाही. स्नायू सैल पडतात आणि फुप्फुसातील लवचीक तंतू आपल्या मूळ आकाराकडे परततात. उच्छ्वास फुकट मिळतो, म्हणूनच तो आपल्या लक्षात येत नाही, असे मला वाटते. पण तो फुकट मिळतो तो आधीच्या श्वासात तंतूंमध्ये साठवलेल्या ताणाच्या बळावर. हे तंतू खराब झाले की काय होते, ते पुढे येईलच.

फुप्फुस मात्र कधीच पूर्ण रिकामे होत नाही. अगदी जोर लावून सगळी हवा सोडली, तरी प्रौढ माणसाच्या छातीत सुमारे १२०० मिलिलिटर हवा राहतेच. वायुकोश आतून ओले असतात आणि पाण्याचा पृष्ठताण त्यांना मिटवू पाहतो. त्यांच्या भिंतीतील काही पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ स्रवतात, त्यामुळे हा ताण घटतो आणि उच्छ्वासाच्या अखेरीसही कोश उघडे राहतात. गर्भात हा पदार्थ पुरेशा प्रमाणात तयार व्हायला साधारण ३५वा आठवडा उजाडतो. त्यापूर्वी जन्मलेल्या कित्येक बाळांना प्रत्येक श्वासाला मिटलेले कोश नव्याने उघडावे लागतात आणि काही तासांतच ती थकतात. अशा बाळांच्या फुप्फुसात हाच पदार्थ कमी असतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. १९८० मध्ये जपानमधील फुजिवारा यांनी तो बाहेरून श्वासनलिकेत देऊन बाळे सुधारल्याचे प्रसिद्ध केले. अशी बाळे श्वास सोडताना कण्हतात. ते कण्हणे वेदनेचे नसते. स्वरतंतू अर्धवट मिटून, बाहेर जाणाऱ्या हवेला थोडा अडसर करून, कोश मिटू न देण्याची ती धडपड असते. काही तासांच्या जिवाला हे कोणी शिकवलेले नसते, याचे मला आजही नवल वाटते.

श्वासाची लय ठरवतो मेंदूचा तळ, जेथे तो मज्जारज्जूला जोडला जातो. शरीर हवा मागते ते ऑक्सिजनसाठी, असे आपण गृहीत धरतो. निरोगी माणसात रोजचे नियंत्रण प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइडच्या हाती असते: धमनीतल्या रक्तात त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटर असतो, आणि तो थोडासा वाढला तरी श्वास लगेच वाढतो. ऑक्सिजनचा दाब मात्र ६०च्या आसपास उतरेपर्यंत शरीर फारशी तक्रार करत नाही. श्वास रोखल्यावर जो गुदमर असह्य होतो, तो मुख्यतः बाहेर न पडलेल्या वायूचा असतो. उन्हाळ्यात नदीत आणि विहिरींत सूर मारणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते, की बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेऊ-सोडू नका. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा धुऊन जातो, वर येण्याची सूचना उशिरा मिळते आणि त्यापूर्वीच पाण्याखाली शुद्ध हरपू शकते.

हेच शरीरशास्त्र २०२१च्या उन्हाळ्यात नाशिककरांनी फार मोठी किंमत देऊन पाहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८५ दाखवत असताना माणसे फोनवर नीट बोलत होती आणि "मला काहीही होत नाही" असे म्हणत होती. ती खोटे बोलत नव्हती. कार्बन डायऑक्साइड पडद्यातून ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट सहजतेने पार होतो. त्यामुळे फुप्फुस सुजले तरी तो बाहेर पडत राहतो, मेंदूकडे धोक्याची मोठी सूचना जात नाही, आणि तोवर रक्तातला ऑक्सिजन घसरत राहतो. उच्छ्वास सुरळीत चालू असल्यामुळे माणूस गाफील राहतो, हे त्यातले क्रौर्य होते. २१ एप्रिल २०२१ रोजी शहरातल्या एका रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ज्यांची फुप्फुसे यंत्राच्या दाबावर अवलंबून होती, त्यांना काही मिनिटांचीही सवड नव्हती. त्या दिवसाबद्दल मला याहून अधिक लिहिता येत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये पेठ, सुरगाणा, हरसूल भागातल्या वयस्क स्त्रिया पुष्कळ असतात. त्यांनी आयुष्यात विडी ओढलेली नसते. कुडाच्या घरात, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात, ओल्या लाकडांच्या चुलीवर त्यांनी नागलीच्या भाकरी केलेल्या असतात. घरात गॅस आला तरी अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते. त्यांची तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत येते: "ताई, श्वास आतच जात नाही." तपासले तर आढळते ते असे, की त्यांचा श्वास बाहेर येत नाही. दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद नलिकांना कूर्चेचा आधार नसतो. भोवतालचे लवचीक तंतू त्यांना चहूबाजूंनी ताणून उघडे ठेवतात. धुराने हे तंतू झिजले, की जोर लावून श्वास सोडताना या नलिका मिटतात आणि हवा त्यांच्यामागे कोंडते. पुढचा श्वास त्या कोंडलेल्या हवेवर घेतला जातो. चढ लागला, घाई झाली, की श्वास भरभर होतो, सोडायला वेळ आणखी कमी मिळतो, आणि प्रत्येक फेरीत थोडी हवा आत राहत जाते. श्वासपटल खाली दबून सपाट होते. आधीच खाली गेलेल्या पटलाला आणखी खाली जाता येत नाही. मावशींना जाणवते ते खरेच असते, जागाच उरलेली नसते, पण ती अडवलेली असते न सुटलेल्या श्वासाने.

त्यांना शिकवण्याची पहिली गोष्ट म्हणजे नाकाने हळू श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून तो सोडणे. ओठांशी झालेल्या अडसरामुळे नलिकांमध्ये मागच्या बाजूने थोडा दाब राहतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि कोंडलेली हवा निघते. हे शहरातल्या रुग्णाला समजावताना मला बरेच शब्द खर्च करावे लागतात. या मावशींना मी एवढेच सांगते, की फुंकणी ओठांशी धरल्यासारखे करा, पण निखारा फुलवायचा नाही, राख उडणार नाही इतके हळू फुंका. त्यांना ते पहिल्याच प्रयत्नात जमते. ज्या चुलीने त्यांची छाती बिघडवली, तिच्यापाशीच ओठांची ही सवय त्यांना लागली आहे, हे पाहताना मला आनंद आणि विषाद दोन्ही होतात; आणि त्यांच्या सुना-नातींच्या घरी तरी धूर निघून जायला धुराडे असावे, हे मी प्रत्येक भेटीत सोबतच्या माणसांना सांगितल्याशिवाय राहत नाही. द्राक्षबागेत भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधकाची धुरळणी करणाऱ्या मजुरांना तोंडावर नुसता रुमाल पुरत नाही, हेही त्याच तळमळीने सांगावेसे वाटते. गंधकाच्या धुळीने नलिका आवळल्या जातात, आणि दम्याच्या माणसात तर फार वेगाने.

फुप्फुसांची मोजणीही उच्छ्वासावरच होते. १८४६ मध्ये जॉन हचिन्सन या लंडनच्या शल्यवैद्याने पाण्यावर तरंगणाऱ्या उपड्या भांड्यात माणसांना फुंकायला लावून श्वासाची क्षमता मोजली. आजच्या स्पायरोमेट्रीतही पूर्ण भरलेला श्वास जोराने सोडायचा असतो आणि पहिल्या सेकंदात त्याचा किती भाग बाहेर पडला, हे पाहायचे असते. हे प्रमाण ०.७०च्या खाली गेले, आणि औषध ओढल्यानंतरही तेथेच राहिले, तर नलिकांत कायमचा अडथळा असल्याचे धरतात. शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या तीन छोट्या चेंडूंच्या साधनातून श्वास मात्र आत ओढायचा असतो, आणि गंमत अशी की तेथे बहुतेक जण आधी फुंकतात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुखण्यामुळे माणूस उथळ श्वास घेतो आणि फुप्फुसाचा तळ मिटून राहतो, म्हणून तेथे श्वास घेण्यावरच भर द्यावा लागतो. उच्छ्वासाची बाजू मांडताना हा अपवाद मला लपवायचा नाही.

सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या सुमारे ५०० आहेत. आता तेथे ट्रॉली झाली आहे आणि छातीच्या रुग्णांनी ती वापरावी, असे मी आग्रहाने सांगते. तरीही काही जणांना देवीच्या दर्शनाला पायीच जायचे असते, आणि आजार सौम्य असेल, डॉक्टरांची हरकत नसेल, तर मी त्यांना त्यासाठी तयार करते. एक पायरी श्वास घेण्याला, दोन पायऱ्या सोडण्याला, असा हिशेब ठेवावा. चढताना श्वास रोखून धरू नये. दम लागण्याच्या आधीच थांबावे. थांबल्यावर ताठ उभे न राहता बसावे, थोडे पुढे झुकावे आणि दोन्ही हात मांड्यांवर टेकावे, म्हणजे खांद्यांचे स्नायू बरगड्या उचलण्याच्या कामी येतात आणि दबलेल्या श्वासपटलालाही थोडा वाव मिळतो. बरोबरच्या नातेवाइकांना मी वेगळे बसवून सांगते, की अशा वेळी आजींना "जोरात श्वास घ्या" असे म्हणू नका, त्यांच्यासमोर बसून तुम्हीच ओठ आवळून सावकाश श्वास सोडा, त्या पाहून तसे करतील. ओठ निळसर दिसले, बोलणे असंबद्ध झाले किंवा झापड येऊ लागली, तर पुढचा चढ सोडून तडक खाली दवाखान्यात न्यायचे. तसे काही नसेल, तर ऑक्सिमीटर बोटाला लावण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे फक्त सोडण्याकडे लक्ष द्यावे. कोंडलेली हवा निघाली की आजी आपणहून पूर्ण वाक्य बोलतात, आणि पुढे जायचे की नाही हे त्यावरून ठरवता येते.